मदत हवी आहे: लेकीला इंग्लंडात पार्किंगचा दंड झालाय, गाडीच्या विमा कंपनीला सांगावा लागतो का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी तीन वर्षांपासून इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे. पहिलं वर्ष आपल्या लायसन्सवर गाडी चालवली, मग तिथली परीक्षा देऊन तिथलं लायसन्स काढलं आणि एक जुनी गाडी घेतली. त्या गाडीचा विमा या २८ तारखेला संपतोय.

गेल्या दीड महिन्यात तिला पार्किंगच्या दोन नोटिसा आल्या. पहिली काचेवर चिकटवलेली, पिवळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. नाइट करून सकाळी घरासमोर गाडी लावली आणि झोपली. दुपारी उठून बघते तर हे पाकीट. तिच्याकडे रहिवाशांचं परमिट आहे, पण ते शेजारच्या गल्लीचं आहे म्हणे. दंड ७० पौंड, चौदा दिवसांत भरला तर ३५. तिने लगेच भरला. दुसरी एका सुपरमार्केटच्या पार्किंगची. वेळेपेक्षा २२ मिनिटं जास्त गाडी उभी होती. कॅमेऱ्यात गाडी आत जाताना आणि बाहेर पडताना टिपलेली आहे. ही पोस्टाने आली, जुन्या घरातल्या मैत्रिणीने पाकिटाचा फोटो पाठवला तेव्हा कळलं. १०० पौंड, लवकर भरले तर ६०. ती अजून भरलेली नाही.

विम्याच्या फॉर्मात प्रश्न आहे की गेल्या पाच वर्षांत वाहतुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, किंवा लायसन्सवर गुण (नियम मोडल्याबद्दलचे दंडाचे गुण) पडले आहेत का. पोरगी म्हणते, "बाबा, पार्किंग हा काय गुन्हा आहे का? नाही लिहिते." मी तिला थांबवून ठेवलंय.

का थांबवलं ते सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी मोहोळच्या अलीकडे माझी गाडी ट्रॉलीवर आदळली. क्लेम टाकला तर कंपनीचं पत्र आलं की तुम्ही आदल्या वर्षी क्लेम घेतला होता, तरी नो क्लेम बोनस घेतलात, म्हणून क्लेम नामंजूर. फॉर्म एजंटने भरला होता, मी फक्त सही केली होती. सगळा खर्च अंगावर आला. तेव्हापासून विम्याच्या फॉर्मातला एकेक रकाना मी बोट ठेवून वाचतो. पोरगी परक्या देशात एकटी आहे, माझ्यासारखं तिचं होऊ नये एवढंच. तिथलं कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

सातरस्ता_अभय

काका, नवी पेठेत नो-पार्किंगची दोन चलानं माझ्या नावावर आहेत. इथे रिन्यूअलला कुणी विचारलं नाही. पण तिकडचं वेगळं असेल. मी तर म्हणतो सगळं सांगून टाकावं, सांगितल्याने काय बिघडतं?

कॉव्हेंट्रीची_माई

दादा, मी इकडे अठरा वर्षं आहे. आधी उत्तर: या दोन्ही नोटिसा त्या प्रश्नात बसत नाहीत. तिने "नाही" लिहिलं तर ते खरंच आहे.

आता कारण. काचेवरची नोटीस कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, 'पेनल्टी चार्ज नोटीस'. २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट कायद्याखाली कौन्सिल ही आकारणी करतं आणि ती दिवाणी स्वरूपाची असते. दोषी ठरवणं नाही, लायसन्सवर गुण नाहीत. सुपरमार्केटची असते 'पार्किंग चार्ज नोटीस'. नाव जवळपास तेच, कागदही मुद्दाम सरकारी वाटावा असा छापतात, पण ती खासगी कंपनीने कराराच्या भंगाबद्दल केलेली मागणी आहे.

तरी कागदावरचं नाव स्वतः वाचायला सांगा. पोलिसांची 'फिक्स्ड पेनल्टी' असेल तर गोष्ट वेगळी. गाडी धोकादायक जागी सोडली, तर एमएस१० असा कोड आणि तीन गुण लायसन्सवर पडतात. झेब्रा क्रॉसिंगजवळच्या नागमोडी पट्ट्यांवर गाडी लावली तरी गुण पडू शकतात. गुण पडले की ते सांगावेच लागतात. वेगमर्यादेचे तीन गुण तर इथे खूप जणांकडे असतात, आणि बरेच जण तेच विसरतात.

अभय, "सगळं सांगून टाकावं" हे इथे लागू नाही. २०१२ चा ग्राहक विमा कायदा एप्रिल २०१३ पासून लागू आहे. त्याआधी विमा कंपनीला महत्त्वाचं वाटेल ते न विचारताही सांगणं हे ग्राहकाचं काम होतं. आता कंपनीने नेमका प्रश्न विचारायचा आणि आपण नीट काळजी घेऊन खरं उत्तर द्यायचं. शिवाय पार्किंगचा दंड गुन्ह्यांच्या रकान्यात लिहिला, तर फॉर्म कोड आणि तारीख मागतो. कोड नसतोच, मग माणसं अंदाजाने काहीतरी निवडतात आणि हप्ता उगाच चढतो. मात्र एखाद्या कंपनीने "कुठलाही दंड" असा मोघम प्रश्न विचारला असेल, तर चॅटवर विचारून उत्तर जपून ठेवावं.

तिने सरकारी वेबसाइटवर स्वतःचं लायसन्सचं रेकॉर्ड उघडून बघावं. गुण शून्य दिसले की तुमचीही शंका फिटेल. विमा कंपन्याही तेच रेकॉर्ड तपासू शकतात.

जुळेसोलापूरकर

माई, तुमचे उपकार. लगेच तिला पाठवलं. अजून एक विचारतो. तिच्याबरोबरची एक जण म्हणते की खासगी पार्किंगची नोटीस केराच्या टोपलीत टाकायची, कुणी काही करत नाही. हे खरं का?

कॉव्हेंट्रीची_माई

अजिबात नाही. २०१५ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टात पार्किंग कंपनीच जिंकली, ८५ पौंडांची आकारणी योग्य ठरली. चूक नसेल तर आधी कंपनीकडे आणि मग स्वतंत्र अपिलात जावं, पण गप्प बसू नये. कंपनी दिवाणी कोर्टात गेली आणि निकाल विरोधात लागून महिनाभरात पैसे भरले नाहीत, तर ती नोंद सहा वर्षं राहते. तोही गुन्हा नाही, पण विम्याचा हप्ता महिन्यामहिन्याने भरायचा असेल तर ते कर्जच असतं आणि त्यासाठी पत तपासतात. घरासाठी कर्ज काढताना तर जास्तच अडतं.

होटगीरोड_सर्व्हेअर

मी मोटार क्लेमचा सर्व्हेअर होतो, आता निवृत्त. इकडचं थोडं सांगतो. आपल्याकडे नो-पार्किंगचं चलान पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा झालं तर १५०० रुपयांचं. त्याने हप्ता वाढत नाही. विमा नियामकाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगाचा वेगळा हप्ता सुचवला होता, आधी दिल्लीत प्रयोग म्हणून. त्यात दारू पिऊन गाडी चालवण्याला १०० आणि चुकीच्या पार्किंगला १० गुण धरले होते. तो प्रस्ताव होता. मात्र माई म्हणतात तसा ग्राहकाच्या बाजूचा कायदा आपल्याकडे नाही, इथे अजून परम विश्वासाचं तत्त्व चालतं, म्हणजे महत्त्वाचं ते न विचारताही ग्राहकाने सांगायचं. म्हणून तुमचं बोट ठेवून वाचणं बरोबरच आहे.

तुमच्या जुन्या क्लेमबद्दल वाईट वाटलं. कंपनी बदलली असेल, तर बोनस दिल्यावर नव्या कंपनीने आधीच्या कंपनीकडे २१ दिवसांत लेखी विचारणा करायची असते. त्यांनी ती केली होती का, हा प्रश्न तेव्हा कुणीतरी तुमच्या वतीने विचारायला हवा होता.

आणि एक गोष्ट मला खटकली. परमिट शेजारच्या गल्लीचं, नोटीस जुन्या घरी. म्हणजे मुलीने घर बदललंय ना? विमा कंपनीला नवा पत्ता कळवलाय का? रात्री गाडी कुठे उभी असते हे कोणतीही विमा कंपनी विचारते. मी तिच्या फाइलवर सर्व्हेअर असतो तर दंडाकडे बघितलंही नसतं, पत्ता मात्र आधी तपासला असता.

कॉव्हेंट्रीची_माई

सर, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अगदी बरोबर. दादा, तिला आजच विचारा. लायसन्स, गाडीचं लॉगबुक (आपल्याकडच्या आरसी बुकासारखं) आणि विमा अशा तिन्ही ठिकाणी पत्ता वेगवेगळा बदलावा लागतो. लायसन्सचा पत्ता न बदलल्यास हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि खासगी पार्किंगवाले लॉगबुकवरचा पत्ता काढून पत्र पाठवतात. कोर्टाची कागदपत्रंही तिकडेच गेली असती, आणि हिला कळण्याआधी निकाल लागला असता.

जुळेसोलापूरकर

काल रात्री अकरा वाजता तिच्याशी बोललो, तिकडे ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. सर, तुमचा अंदाज खरा ठरला. दोन महिन्यांपूर्वी घर बदललं. जुन्या घरामागे गाडीला कुंपणाची जागा होती, आता गाडी रात्रभर रस्त्यावर असते. विमा कंपनीला सांगितलेलं नाही, लॉगबुक जुन्याच पत्त्यावर. तिला वाटलं एकाच भागात घर आहे, काय फरक पडतो. मी रागावलो नाही, पण छातीत धस्स झालं. दोन महिने ती तशीच गाडी चालवत होती.

तिने माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवरच सगळं केलं. आधी लायसन्सचं रेकॉर्ड उघडलं, गुण शून्य. मग लायसन्सचा आणि लॉगबुकचा पत्ता बदलला. विमा कंपनीच्या चॅटवर दोन प्रश्न टाकले. पार्किंगच्या नोटिसांबद्दल त्यांनी लिहिलं की कौन्सिलच्या आणि खासगी, दोन्ही आम्हाला कळवायची गरज नाही. तो स्क्रीनशॉट तिने मलाही पाठवलाय. नव्या पत्त्याचे, रस्त्यावरच्या पार्किंगसकट, उरलेल्या दिवसांसाठी नऊ पौंड घेतले आणि नवं कोटेशन ४१ पौंडांनी वाढलं. तिने ते मान्य केलं. सुपरमार्केटचे ६० पौंड भरायला अजून दोन दिवस होते, तेही भरून टाकले.

आता नव्या गल्लीच्या परमिटचा अर्ज तेवढा राहिलाय. विम्याचा नवा कागद आला की तो मला पाठव म्हणून सांगितलंय. वाचून काही अडलं तर याच धाग्यावर विचारीन.