जुळ्यांची जोखमीची गर्भधारणा : अतिदक्षता विभागाच्या तयारीबाबत मदत हवी आहे

सस्नेह नमस्कार. मला जुळी असून 29वा आठवडा सुरू आहे. दोन्ही बाळांची वार एकच असल्याने एकाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वळत नाही ना, हे पाहण्यासाठी दर पंधरवड्याला सोनोग्राफी होते. आतापर्यंत दोघांची वाढ आणि गर्भजल समाधानकारक आहे, याबद्दल देवाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. संध्याकाळी सासूबाई रामरक्षा म्हणू लागल्या की डाव्या कुशीतले बाळ हमखास हालचाल करते.

माझा रक्तदाब वाढलेला असल्याने डॉक्टरांनी 36व्या आठवड्याचे उद्दिष्ट ठेवले असले, तरी प्रसूती त्याआधीही होऊ शकते, असे स्पष्ट सांगितले आहे. बाळांच्या फुप्फुसांसाठीच्या स्टेरॉइड इंजेक्शनांविषयीही बोलणे झाले आहे. नवजात अतिदक्षता विभाग आमच्या गावापासून दीड तासावर, कोल्हापुरात आहे. म्हणून 32व्या आठवड्यापासून तिथेच नातेवाइकांकडे राहणार आहोत. जन्माआधी नवी खरेदी न करण्याची घरची रीत मला मान्य आहे. जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट तेवढे शिवून ठेवले आहेत.

औषधोपचारांचा सल्ला मला नको आहे. ज्यांची जुळी बाळे काही काळ अतिदक्षता विभागात होती, त्यांनी कृपया सांगावे : बाळे अंगावर पिऊ शकत नसताना, त्यातही सिझेरियननंतर, दूध काढून दोघांपर्यंत वेळेवर पोहोचवण्याची व्यवस्था आपण कशी केली, आणि त्यासाठी रुग्णालयाला आधीच कोणते प्रश्न विचारून ठेवावेत?