नागपुरात मानेवाडा साइडला बीपी-शुगरसाठी कायमचा दवाखाना सांगा

मानेवाडावाला
आमचे जुने डॉक्टर रिटायर होऊन पोराकडे चालले गेले, दवाखाना नवीन डॉक्टरने घेतला. डॉक्टर चांगला आहे, वादच नाही, पण बाकी पूर्ण गोंधळ होऊन राहिला. आधीचे कंपाउंडर काकाजी आईला दारात पाह्यलं की फाईल काढून ठेवायचे, बीपी मोजून कागदावर टाकून मगच आत पाठवायचे. आता काउंटरवर पोरी टिकतच नाहीत, फाईल सापडत नाही, फोनवर नंबर लावला तरी गेल्यावर वहीत नाव नसते. परवा एकीनं आईला विचारलं कोणत्या गोळ्या चालू आहेत, आई म्हणे एक पांढरी न् एक गुलाबी, तर तिनं तेच लिहून घेतलं ना बाप्पा! सकाळी पण डॉक्टर बसतो असा दवाखाना आहे का जवळपास? की मनपाच्या आरोग्य केंद्रात न्यावं?

हुडकेश्वरची काकू
गोळ्यांसाठी केंद्रातच न्या. आमच्या यांचं तिथंच चालू आहे, तपासणी न् गोळ्या दोन्ही फुकट, तिशीच्या वरच्या कोणाचीही बीपी-शुगर बघतात. पण शहरात ५० हजार लोकांमागे असं एक केंद्र धरलेलं असते न् आमच्याकडे डॉक्टर एकच, तो मीटिंगला गेला की सिस्टर म्हणते उद्या या. लसीकरणाच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते.

रेशीमबाग९
मी अशा काउंटरवर काम केलं आहे म्हणून सांगते. सकाळी दहा ते दोन, मग संध्याकाळी सहा ते शेवटचा पेशंट जाईपर्यंत, मधात घरी जाऊन स्वयंपाक. फोन, नंबर, पैसे, ड्रेसिंग, झाडू सगळं एकटीनं, न् वरून "माझा नंबर मागे कसा गेला" म्हणून शिव्या पण आम्हीच खायच्या. नर्सिंग झालेली पोरगी एवढ्याशा पगारात इथं काऊन थांबेल, मोठ्या हॉस्पिटलात आठ तासांची ड्युटी न् पीएफ मिळते. मग जी येते तिला कोणी काही शिकवत नाही. इंजेक्शन मात्र शिकलेल्या माणसाच्याच हातून घ्या, विचारायला लाजू नका.

ऑरेंजसिटी_भाऊ
महिन्याच्या गोळ्यांसाठी मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाऊ नका भाऊ, ओपीडीच्या लाइनीतच बीपी वाढते 😅

फार्मसीवाला
२०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइनप्रमाणे त्याच आजारासाठी मागच्या सहा महिन्यांत डॉक्टरांनी समोर बसवून तपासलं असेल तर फोन किंवा व्हॉट्सअॅपवर फॉलोअप करून चालू गोळ्या पुन्हा लिहून देता येतात. द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण विचारून तर पहा. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. आणि पांढरी-गुलाबी बंद करा, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नाव न् एमजी दोन्ही दिसलं पाहिजे. शुगरची मेटफॉर्मिन ५०० ची पण असते, १००० ची पण, दिसायला दोन्ही पांढऱ्याच. काउंटरवर कोणीही बसलं असेल तरी फरक पडत नाही मग.

मानेवाडावाला
फोटो आत्ताच काढले, आई म्हणे आता माझ्या गोळ्यांचं पण फोटोसेशन का. @रेशीमबाग९ ताई, शुगर चेक करायला दवाखान्यात रांग लागते, ते घरीच करून वहीत लिहिलं तर डॉक्टर मानतात का? न् काकू, तुमच्याकडे लसीकरण कोणत्या दिवशी असते?