केसपेपरच्या खिडकीवर सांगितलेला ओटीपी ही संमती मानावी का?

पायवाट:
गेल्या महिन्यात आईला रुग्णालयात नेले असता केसपेपरच्या खिडकीवर तिचा आधार क्रमांक विचारण्यात आला आणि पाठोपाठ 'मोबाईलवर आलेला नंबर सांगा' असे फर्मान सुटले. मागे रांग खोळंबलेली असल्याने आईने तो सांगून टाकला आणि तिचे चौदा आकडी 'आभा' खाते, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडण्याचे डिजिटल खाते, उघडले गेले. ते कशासाठी, हे तिला अजूनही ठाऊक नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये हे खाते ऐच्छिक आहे. पण नको म्हणणाऱ्याला वेगळ्या, लांबलचक रांगेत उभे राहावे लागत असेल, तर त्या ऐच्छिकतेला काय अर्थ उरतो? माझ्या मते ही संमती नव्हेच.

कासव:
आपण दोन गोष्टींची गल्लत करत आहात. खाते उघडल्याने कोणाचाही अहवाल कोणाला दिसत नाही; नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि दुसऱ्या डॉक्टरला त्या पाहायच्या असल्यास रुग्णाची स्वतंत्र, मुदतीची आणि मागे घेता येणारी संमती लागते. मी बीड जिल्ह्यात सरकारी डॉक्टर आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली गरोदर बाई सहा महिन्यांनी परतते तेव्हा तिच्या पिशवीत, असलाच तर, एक भिजून चिकटलेला सोनोग्राफीचा कागद असतो, आणि मधल्या काळात तिचे हिमोग्लोबिन किती होते, रक्त चढवले का, हे तिच्या आठवणीवरून ठरवावे लागते. खासगीपणाची चिंता रास्त आहे, पण ती करण्यासाठी आधी नोंद तरी हवी ना?

तळटीप:
कासव, त्याच बाईचे उदाहरण पुढे नेतो. तिच्या घरात मोबाईल एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. एका मोबाईल क्रमांकावर घरातल्या अनेकांची आभा खाती जोडता येतात. म्हणजे तिचा ओटीपी त्याच्याकडे येणार आणि संमतीचे बटणही तोच दाबणार. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही. कायद्याने दिलेली ही मोकळीक एका सिमकार्डामुळे हिरावली जात असेल, तर त्या 'मुदतीच्या संमती'चे कौतुक कोणी करायचे? शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' या वेगळ्या वर्गात होती. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात तो वर्गच ठेवलेला नाही. हे मला अनाकलनीय वाटते.

कासव:
सिमकार्डाचा मुद्दा बिनतोड आहे; मान्य. तरीही त्यावरचा उपाय नोंदच न करणे हा नव्हे.

पायवाट:
नोंदीला माझा विरोध नाही. आपण भिजलेल्या कागदाबद्दल जे लिहिले, तेवढे जरी खिडकीवर कोणी सांगितले असते, तरी आईने आनंदाने नंबर दिला असता.

कासव:
सांगायला माणूस हवा. आमच्या खिडकीवर सकाळी दोनशे केसपेपर निघतात आणि कारकून एकच आहे.