मदत हवी आहे: श्रावणात मासे-अंडी बंद, जिम चालू. प्रोटीन पावडर घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

वय ५२, वजन ६० किलो, राहते मुलुंडला, नोकरी फोर्टला. पाळी गेल्यानंतर हाडांची तपासणी केली, घनता कमी निघाली. डॉक्टरांनी चालण्याच्या जोडीला वजनं उचलायला सांगितलं. उन्हाळ्यापासून आठवड्यातून तीनदा सकाळी जिमला जाते आणि मला ते मनापासून आवडायला लागलंय. भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढताना फरक कळतो.

त्रास होतो तो नंतर. स्क्वॉट केले की पुढचे दोन दिवस मांड्या भरून येतात. स्टेशनचा पूल चढताना फारसं काही वाटत नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो आणि मागची गर्दी ढकलत असते. ट्रेनर म्हणतो, "मॅडम, प्रोटीन कमी पडतंय. व्यायामानंतर अर्ध्या तासात शेक घेतला नाही तर मेहनत फुकट." पावडरचा डबा तोच विकतो, बिल मागितलं की टाळतो.

मी हिशोब मांडला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आकड्याप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मला दिवसाला ५०. वजनं उचलणाऱ्यांसाठी १.६ पर्यंत सांगतात, म्हणजे ९६. एरवी बांगडा, बोंबील, अंडी धरून साठ ग्रॅमच्या पुढे जाते. श्रावणात ते सगळं बंद. पोहे, डब्यात पोळी-उसळ, रात्री वरणभात, वाटीभर दही: ओढूनताणून ४५. त्यात सोमवारी साबुदाणा, त्यात प्रोटीन नावालाच.

आयसीएमआरच्याच २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं लिहिलंय. घरचे म्हणतात किडनी जाईल. मग मी करू काय? पावडरने हे दुखणं खरंच कमी होईल का? आणि सासूबाईंचा प्रश्न: ती श्रावणात चालते का?

माटुंगा_फिजिओ:
ताई, आधी दुखण्याचं बोलू. पूल उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत पेलत लांबतो. स्क्वॉटमध्ये खाली बसतानाही तेच होतं आणि त्यातूनच स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून उतरताना जास्त दुखतं. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. पावडरने त्यात फार फरक पडत नाही. वजन हळूहळू वाढवा, पायांच्या दोन व्यायामांच्या मधे एक दिवस सोडा. तोच व्यायाम नियमित होत गेला की दुखणं कमी होत जातं. पण लघवी चहासारखी गडद झाली किंवा पाय सुजले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, वाट बघू नका.

प्रोटीनचं काम वेगळं: झालेली झीज भरून स्नायू वाढवणं. अर्ध्या तासाची घाई नको. व्यायामानंतर निदान दिवसभर तरी स्नायू प्रोटीन वापरायला तयार असतो. दिवसाची बेरीज महत्त्वाची, आणि आपल्या वयात प्रत्येक जेवणात २०-२५ ग्रॅम पडलं तर चांगलं. तुमचा सगळा घोळ सकाळच्या पोह्यांत आहे. ९६ चा हट्ट सोडा, आधी ७०-७५ गाठा. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, आत पनीर.

तरीही कमी पडलं तर व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा), त्यात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. ते अन्नच आहे, चीज करताना उरणाऱ्या पाण्यापासून केलेलं. डब्यावर हिरवा ठिपका बघा, सासूबाईंना तोच दाखवा. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) १४ आकडी परवाना, सील आणि बिल, यातलं एकही नसेल तर घेऊ नका. ट्रेनरचा डबा तर नकोच. दूध पचत नसेल तर आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर बरीचशी काढलेलं व्हे, बघा. किडनी धडधाकट असेल तर इतक्या प्रोटीनने ती जात नाही, किडनीचं आधीच दुखणं असेल तर मात्र हे सगळं बदलतं. म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी) तपासून रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मग ठरवा.

मुलुंडची ताई:
खूप आभार, डोक्यावरचं ओझं उतरलं. शनिवारी रक्त तपासून येते. उपवासाच्या सोमवारी काय करू? त्याच दिवशी सकाळी जिम असते.

गिरगाव_स्वयंपाकघर:
साबुदाणा बाजूला ठेवा. वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी, दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि दही, संध्याकाळी पनीर तुपावर परतून, जिरं-मिरची घालून. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असतं, पण मूठभरच घ्या, तेल भरपूर असतं. आणि सासूबाई परवानगी देत असतील तर जिमचा दिवस मंगळवारवर ढकला, ते सगळ्यात सोपं.