विलीज जीपचा स्टिअरिंग बॉक्स गळतोय: गिअर ऑइल घालावं की ग्रीस?

विलीजप्रेमी

नमस्कार मंडळी. गाडी विलीज सीजे-३बी, १९५० च्या दशकातली. स्टिअरिंग बॉक्स मूळचाच आहे, रॉस कंपनीचा, कॅम आणि लिव्हर पद्धतीचा (स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या कॅमच्या खाचेत लिव्हरच्या पिना सरकतात). एसएई १४० गिअर ऑइल फिलर प्लगपर्यंत भरलं तरी थोड्याच दिवसांत पातळी उतरते. पिटमन आर्मच्या, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या दांड्याच्या, नटाखाली कायम एक थेंब लोंबत असतो. चासीच्या कडेवर आणि त्या आर्मला जोडलेल्या ड्रॅग लिंकवरही तेलाचे ओघळ आहेत. स्टिअरिंगच्या रिमवर साधारण ७-८ सेंटिमीटर प्ले (मोकळी हालचाल) आहे.

गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की ग्रीस गनने चासीचं ग्रीस दाबून भरा, गळती बंद होईल. हे करावं का? नुसतं सील बदलायचं असेल तर बॉक्स गाडीवरून उतरवावा लागतो का? आणि साइड कव्हरवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवता येईल का?

तेलपाणी

चासीचं ग्रीस अजिबात भरू नका. गळती थांबेल हे खरं, पण बॉक्स आतून कोरडा पडेल.

चासीचं ग्रीस म्हणजे एनएलजीआय २ दर्जाचं (एनएलजीआय हे ग्रीसच्या घट्टपणाचं मोजमाप). ते जागचं हलत नाही, आणि बॉल जॉइंटमध्ये त्याचा तोच गुण कामाला येतो. या बॉक्समध्ये मात्र लिव्हरच्या पिना कॅमच्या खाचेतून सरकतात आणि वाटेतलं ग्रीस बाजूला ढकलतात. चिखलातून बैलगाडी गेल्यावर चाकोरी उरते, तशी ग्रीसमध्ये खाच उरते आणि ढकललेलं ग्रीस परत येत नाही. बॉक्स काठोकाठ भरलेला दिसतो, पण पिना आणि कॅम कोरडे घासत असतात. त्यात दाब आणि सरकणं दोन्ही आहे, त्यामुळे पिनांची निमुळती तोंडं सपाट होतात आणि खाचेच्या भिंतीवर खवले निघतात. एवढं झालं की वंगण कुठलंही घाला, उपयोग नाही.

गळक्या बॉक्ससाठी एनएलजीआय ०० दर्जाचं अर्धप्रवाही ग्रीस वापरा. फरक आकड्यांत पाहा. २५ अंश सेल्सिअसला ठरावीक वजनाचा शंकू ५ सेकंदांत ग्रीसमध्ये किती रुततो, त्यावरून हा दर्जा ठरतो. एनएलजीआय २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, ०० मध्ये ४० ते ४३. ०० हे ढवळलं की पातळ होतं, स्थिर राहिलं की थोडं घट्ट होतं. म्हणून पिन पुढे गेल्यावर ते मागे भरून येतं, पण उभ्या गाडीत शाफ्टला आधार देणाऱ्या झिजलेल्या बुशमधून तेलासारखं सुटत नाही.

दुकानात ०० मागताना एक गोष्ट नक्की बघा. सगळी ०० ग्रीसं सारखी नसतात. ट्रकच्या सेंट्रल ग्रीसिंगसाठी जे ०० मिळतं, त्यात मूळ तेल बरंच पातळ असतं, कारण ते बारीक नळ्यांतून पंपाने पुढे न्यायचं असतं. तुम्हाला बंद गिअरबॉक्ससाठीचं ०० हवं. डब्यावर किंवा माहितीपत्रकात मूळ तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) बघा. एसएई १४० साधारण आयएसओ ४६० च्या जवळ बसतं, म्हणून ४० अंशांना ४६० सेंटिस्टोकच्या आसपासचं मूळ तेल असेल तर उत्तम. ईपी (जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं असावं, साबण (ग्रीसला घट्टपणा देणारा घटक) लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स.

काही जण १४० तेलात एनएलजीआय २ ग्रीस कालवून घरीच मिश्रण करतात. मी तसं सुचवणार नाही. उभ्या गाडीत तेल वर आणि गाळ खाली असं ते फुटू शकतं. बेंटोनाइट किंवा पॉलियुरियाचं ग्रीस लिथियमवाल्यात मिसळलं तर बऱ्याचदा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

रीमर_आणि_बुश

वंगणाचं वर आलंच आहे. पण गळतं कुठून हे ठरवल्याशिवाय काहीही उघडू नका. पिटमन आर्म बॉक्सच्या खालच्या अंगाला असतो, त्यामुळे वरून कुठूनही सुटलेलं तेल शेवटी त्याच नटावर येऊन थेंब धरतं. तिथे थेंब आहे म्हणजे सील गेलं, असं लगेच म्हणता येत नाही.

बॉक्स बाहेरून डिग्रीझरने धुवा, वाळवा आणि सगळीकडे टाल्कम पावडरचा पातळ थर मारा. इंजिन बंद, पुढची चाकं जमिनीवर. दुसऱ्या कुणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खालून टॉर्च धरा. पांढऱ्या पावडरीवर ओली काळी रेघ कुठून सुरू होते ते स्पष्ट दिसतं. बघायच्या जागा चार: सेक्टर शाफ्टचं (ज्यावर पिटमन आर्म बसतो) सील, साइड कव्हरचं गॅस्केट, अ‍ॅडजस्टिंग स्क्रूचे आटे आणि बॉक्सचं खालचं टोक, जिथून हॉर्नची वायर बाहेर येते. स्क्रूच्या आट्यांतून येत असेल तर लॉकनट सोडून आट्यांना न वाळणारा सीलंट लावला की काम संपलं.

सीलच असेल तर पुढची तपासणी बुशची. ड्रॅग लिंक सोडा, पिटमन आर्म शाफ्टजवळ धरा आणि शाफ्टच्या आडव्या दिशेने वर-खाली हलवून बघा. आर्म फिरवू नका, फक्त उचला आणि दाबा. डायल गेज लावता आला तर उत्तम. शाफ्ट पाव मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त हलत असेल तर नवं सील टिकणार नाही. सीलचा ओठ एका बाजूला चेपतो, दुसऱ्या बाजूला फट पडते, आणि गाडी खड्ड्यात गेली की प्रत्येक धक्क्याला थोडं तेल बाहेर. बुश बदलणं हाच उपाय.

बुश ठीक असतील तर बॉक्स गाडीवर ठेवूनच सील बदलता येतं:

आर्म आणि शाफ्टवर आधी सेंटर पंचने जुळती खूण करा. शाफ्ट निमुळता आणि दातेरी असतो, एक दात जरी चुकला तरी स्टिअरिंग मध्यावर राहत नाही. नट सोडा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे आर्म सुटताना उडणार नाही. मग पुलर लावा. शाफ्टच्या टोकावर हातोडा कधीही मारू नका. तो घाव थेट लिव्हरच्या पिनांवर आणि साइड कव्हरवर बसतो. पुलर ताणून ठेवून आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याने टकटक केली की आर्म सुटतो.

सील निघाल्यावर शाफ्टवर नख फिरवा. नखाला खाच लागली तर नवं सीलही गळेल. अशा वेळी दोन मार्ग: सील थोडं आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागी आणायचा, किंवा शाफ्टवर पातळ स्टेनलेस स्लीव्ह चढवायची. स्लीव्ह सुमारे ०.२८ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे त्याच मापाचं सील चालतं. सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. बसवताना दातेरी भागावर पातळ प्लास्टिक किंवा टेप गुंडाळा, नाहीतर दात ओठ कापतात.

बुश बदलायचे असतील तर मात्र बॉक्स उतरवा. दोन्ही बुश दाबून बसवल्यावर एकाच लांब रीमरने एका रेषेत रीम करा. वेगवेगळे रीम केले तर शाफ्ट तिरका बसतो आणि मध्यावर जड लागतो. बुशच्या आतली तेलाची खाच बाहेरच्या टोकापर्यंत उघडी नको, ती सीलच्या आधी बंद व्हायला हवी.

जुना_चाक

तेलपाणी यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. सील आणि बुश नीट झाले तर १४० च परत घाला. कॅमचं वरचं बेअरिंग बॉक्सच्या सर्वांत उंच भागात असतं. तेल कॅमबरोबर वर चढतं, ०० ला तिथे पोचायला वेळ लागतो. थंड हवेत तर आणखीच. ०० हा गळक्या बॉक्सचा उपाय आहे, चांगल्या बॉक्सला त्याची गरज नाही.

तेल घेताना जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) घ्या. जीएल-५ मधल्या गंधक-फॉस्फरसच्या मात्रेने ब्राँझच्या बुशवर परिणाम होऊ शकतो. स्टिअरिंग बॉक्स फार तापत नाही, म्हणून तो धोका इथे कमी, पण जीएल-४ मिळत असताना तो घ्यायचाच कशाला. गळती थांबवणारी मिश्रणं टाळा. ती रबर फुगवतात. मूळ जागी कॉर्क किंवा फेल्ट असेल तर त्यांचा काहीच उपयोग नाही.

विलीजप्रेमी

सगळ्यांचे मनापासून आभार. पावडर मारून पाहिलं. ओली रेघ सीलपासूनच सुरू होते, साइड कव्हर कोरडं आहे. आर्म धरून हलवल्यावर थोडा हलतो, डायल गेज मिळाल्यावर मोजतो. तोपर्यंत ०० भरून गाडी हळू चालवली तर चालेल का? आधीचं १४० पूर्ण काढावं लागेल का? प्लेचं काय करू?

तेलपाणी

जुना_चाक, वरच्या बेअरिंगचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच ०० भरताना घाई चालत नाही.

विलीजप्रेमी, तात्पुरतं ०० चालेल, बुश होईपर्यंत. जुनं १४० शेवटच्या थेंबापर्यंत काढायची गरज नाही, थोडं उरलं तर ०० किंचित पातळ होईल एवढंच. पण आधी कुणी घट्ट ग्रीस कोंबलेलं असेल तर ते काढायलाच हवं. अशा बॉक्सला बहुधा ड्रेन प्लग नसतो. साइड कव्हर काढा, लाकडी पट्टीने जुना मळ खरवडा, रॉकेलने धुवा आणि निथळू द्या. रॉकेल आत राहिलं तर नवं वंगण पातळ होतं. पेट्रोल वापरू नका. धुतलेल्या मळात राखाडी-पांढरट फेस दिसला तर आत पाणी गेलंय, मग कॅमवर गंजाचे खड्डे आहेत का ते टॉर्चने नीट बघा.

भरण्यासाठी डबा गरम पाण्यात ठेवा आणि मोठ्या सिरिंजला नळी लावून घाला. ग्रीस गनचा दाब सील बाहेर काढतो, ती नको. पुढची चाकं उचलून, गाडीला घोड्या लावून, थोडं थोडं घाला आणि मध्ये मध्ये स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत हळू फिरवा. हवा बुडबुड्यांनी प्लगच्या भोकातून बाहेर येते. रात्रभर राहू द्या, पातळी उतरलेली दिसेल, मग पुन्हा भरा. प्लगच्या खालच्या कडेला थांबा. त्यापेक्षा जास्त भरलं तर ते कॉलमच्या नळीत चढतं आणि पायाशी उतरतं.

रीमर_आणि_बुश

प्लेबद्दल. ७-८ सेंटिमीटर सगळा बॉक्सचा असेल असं धरू नका. या जीपमध्ये मधली बेलक्रँक (ड्रॅग लिंकची हालचाल टाय रॉडकडे वळवणारा भाग) झिजते, तिची पिन आणि बेअरिंगं आधी बघा. मग ड्रॅग लिंकच्या टोकांतल्या स्प्रिंगा आणि कप, मग टाय रॉड. कुणाला स्टिअरिंग हलवायला लावा आणि प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे ढिलाई.

बॉक्सची अ‍ॅडजस्टमेंट ड्रॅग लिंक सोडूनच करायची, आणि क्रम महत्त्वाचा. साइड कव्हरचा स्क्रू आधी ढिला करा. मग कॅमच्या बेअरिंगची ढिलाई काढा, ती वरच्या कव्हरखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करून निघते. एका वेळी एकच पातळ शिम काढा. कॅम हाताने फिरायला हवा, पण टोकाच्या दिशेने हलता कामा नये. त्यानंतर स्टिअरिंगचे लॉक ते लॉक फेरे मोजून बरोबर मध्यावर आणा आणि तिथेच साइड स्क्रू आवळा. मधून जाताना हलकासा अडथळा जाणवला की थांबा आणि लॉकनट घट्ट करा.

खाच मध्यावर मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, म्हणून कडेला थोडा प्ले राहणारच. कडेला वळवून तिथला प्ले स्क्रूने काढलात तर मध्यावर बॉक्स आवळला जातो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि पिना लवकर जातात. कव्हर उघडलं असेल तर गॅस्केट जुन्याच जाडीचं घ्या. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन वापरू नका, आत दाबलं गेलेलं तुटून कॅमच्या खाचेत जातं.

आर्म बसवताना खुणा जुळवा, नट माहितीपुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा आणि लॉकवॉशर नवाच घाला. ड्रॅग लिंकच्या स्प्लिट पिनाही नव्या. डायल गेजचं माप आलं की इथे टाका, बुशचं माप आणि सीलचा आकार त्यावरून ठरवू.