क्वार्टरबॅकने संताप किती दाखवावा?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचा, म्हणजे चढाई चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूचा, आवेश संघाला पेटवतो, पण तोच त्याचा निर्णयही बिघडवतो, मग तोल कसा सांभाळावा?

प्रतिसाद १: क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी बाकाजवळ सहकाऱ्यांवर ओरडत असे, तरी २०१७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, ३-२८ अशा पिछाडीवरून ३४-२८ असा विजय त्याने एकेक पास शांतपणे टाकूनच खेचून आणला.

प्रतिसाद २: २०२१ मध्ये ब्रेडीने टॅब्लेट संगणक आपटला, ते मला तरी नेतृत्व वाटत नाही. दुसरा क्वार्टरबॅक जो मोंटाना याने १९८९ च्या अंतिम सामन्यात, जेमतेम तीन मिनिटे उरली असताना, प्रेक्षकांतला अभिनेता जॉन कँडी सहकाऱ्याला दाखवला आणि मग ९२ यार्डांची विजयी चढाई पूर्ण केली.

प्रतिसाद ३: ओरडायचे ते बाकावर; हडलमध्ये, म्हणजे खेळीआधी मैदानावर जमणाऱ्या घोळक्यात, मात्र बाकीचे दहाही जण क्वार्टरबॅकच्या आवाजातला कंप टिपत असतात.