‘दोषमुक्त’ : सुटला, पण कोणत्या टप्प्यावर?

मसुदाकार
आरोपींच्या हक्कांवरची एक हिंदी पुस्तिका मराठीत आणतोय. मुळात ‘उन्मोचन’ आणि ‘दोषमुक्ति’ असे दोन वेगळे शब्द आहेत. दुसरा मी ‘दोषमुक्ती’ असाच ठेवला. तपासणाऱ्यांनी त्यावर काट मारली, म्हणाले मराठीत दोषमुक्ती म्हणजे डिस्चार्ज (खटला न चालताच सुटका), अ‍ॅक्विटल (खटला चालून निर्दोष सुटका) नव्हे. हिंदीत तर नेमकं उलट आहे. काय करावं?

तालुकाकोर्ट
काट बरोबर आहे. इथे ‘दोषमुक्तीचा अर्ज’ म्हटलं की डिस्चार्जचाच अर्ज समजतात, आणि खटला चालून सुटला तर ‘निर्दोष मुक्तता’. या दोहोंत आरोपीच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. डिस्चार्ज दोषारोप (न्यायाधीश ठेवतात तो औपचारिक आरोप) ठेवण्याआधी होतो. सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५० (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २२७), कसोटी ‘पुढे जायला पुरेसा आधार नाही’. मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांचा खटला) कलम २६२ (जुनं २३९), तिथे ‘आरोप निराधार’. नव्या संहितेने अर्जाला मुदतही घातली : सत्र खटल्यात प्रकरण वर्ग झाल्यापासून ६० दिवस, मॅजिस्ट्रेटकडे कागदांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवस. पूर्वी अशी मुदत नव्हती, त्यामुळे जुन्या सवयीने बसून राहणारे गोत्यात येतात.
आणि मुख्य मुद्दा. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही (कलम ३३७). डिस्चार्जला ते संरक्षण नाही, त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात तसं लिहिलंय. नवा पुरावा आला तर प्रकरण परत उभं राहू शकतं. पुस्तिकेत शब्द चुकला तर वाचणारा निर्धास्त होऊन कागद फेकून देईल.

शब्दवेल्हाळ
कोर्टात रुळला म्हणून शब्द बरोबर ठरत नाही. दोषारोपच ठेवला नाही तर दोष आला कुठून, आणि मुक्ती कशापासून? डिस्चार्जला ‘आरोपमुक्ती’ म्हणा. ‘निर्दोष मुक्तता’ही फसवा शब्द. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याला निर्दोष म्हणायचं कुणी? संस्कृताच्या नियमाने बघितलं तर हिंदीवाले जिंकले.

प्यादा
शब्दवेल्हाळ, संस्कृताने जामीन होत नाही हो. ‘आरोपमुक्ती’ केलीत तर ‘आरोपपत्रा’चं काय कराल? पेपरात ‘आरोपपत्र दाखल’ छापून आलं की अर्ध्या गावाला वाटतं आरोप सिद्ध झाला. आरोपपत्र पोलिसांचं, कलम १९३ खालचा अंतिम अहवाल. दोषारोप न्यायाधीश ठेवतात. कोणतं कलम, कधी, कुठे, कुणाच्या बाबतीत, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. मग ‘कबूल आहे का’ विचारतात. पुष्कळ जण इथे घाबरून किंवा न समजता ‘हो’ म्हणतात, आणि त्या एका ‘हो’वर शिक्षा होऊ शकते. पुस्तिकेत ठळक अक्षरात घालायचं तर हे घाला.

तालुकाकोर्ट
+१. शिवाय डिस्चार्जच्या वेळी आरोपीने स्वतःचे कागद पुढे केले तरी न्यायालय सहसा बघत नाही. देबेंद्रनाथ पाढी निकालापासून (सर्वोच्च न्यायालय, २००४) हेच सूत्र आहे. पोलिसांनी दिलेलं सगळं खरं धरलं तरी गुन्हा बनतो का, एवढंच पाहतात. ‘मी त्या दिवशी गावात नव्हतो’ हा बचाव खटल्यातला. डिस्चार्ज अर्जात तो भरून लोक पानं वाया घालवतात.

रजनीगंधा
आरोपपत्राचा विषय निघालाच आहे तर डिफॉल्ट जामीनही येऊ द्या. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. तेवढ्यात आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. अर्जाआधी आरोपपत्र पोचलं की हक्क गेला. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने कोठडी दिल्यापासून), आणि तो दिवस धरून. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नक्की केलं. याला मराठी शब्द कुणी सुचवेल का? ‘कसूर जामीन’ वाचून हसू आलं होतं.

शब्दवेल्हाळ
‘मुदतचूक जामीन’. बाकी ‘जामीन’ हाच शब्द आपण बिघडवलाय. अरबी ‘ज़ामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. जुन्या कागदांत ‘जामीन राहणे’ आणि ‘जामीनकतबा’ (जामिनाचं हमीपत्र) सापडतात. आता सुटकेलाच जामीन म्हणतात, मग माणसाला ‘जामीनदार’ करावं लागलं.

प्यादा
बिघडला कसला, वापरला. ‘जातमुचलका’ (जामीनदाराशिवाय स्वतःचंच हमीपत्र) बघा, ‘जात’ अरबी, ‘मुचलका’ तुर्की, आणि एका शब्दात काम होतं. हाच शब्द लोकांना ठाऊक हवा. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस निर्धन आहे असं न्यायालयाने मानायचं आणि जातमुचलक्यावर सोडायचं (कलम ४७८). तरी पाच-दहा हजारांच्या जामिनासाठी माणसं आत कुजतात, कारण अर्जात हे मागतच नाहीत.

रजनीगंधा
जामीनदार मिळाला तरी कागदांवर अडतं. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ऐपतीचा दाखला, ओळखपत्र. आधी किती जणांना जामीन राहिलाय हेही त्याला लिहून द्यावं लागतं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली की ‘वाटणी दाखवा’ म्हणतात आणि सुटका पुढच्या तारखेवर जाते. म्हणून सामाईक खात्याचा उतारा असेल तर दुसरा जामीनदार सोबत ठेवावा.

मसुदाकार
मंडळी, आभार, पण छपाई सोमवारी आहे. डिस्चार्जला ‘दोषमुक्ती’ ठेवून कंसात ‘खटला सुरू होण्याआधी सुटका’ लिहू का?

शब्दवेल्हाळ
लोक दोषारोपाआधीही खटला सुरूच झाला समजतात. ‘दोषारोप ठेवण्याआधी’ लिहा. आणि ‘दोषमुक्ती’ला माझा विरोध नोंदवून ठेवा.

तालुकाकोर्ट
कंसातलं तेच लिहा. विरोधावर रिव्हिजन (वरच्या कोर्टात फेरतपासणीचा अर्ज) दाखल करा, मुदत ९० दिवस.